चाकोरीबाहेरचे मूल : पालकांची भीती आणि शिक्षकाचे कर्तव्य

एखादा मुलगा मुलींत बसून रांगोळी काढण्यात रमतो; एखादी मुलगी केस कापून मुलांबरोबर कबड्डी खेळते. अशा पाल्याविषयी पालकांची पहिली प्रतिक्रिया बहुधा रागाची असते. वस्तुतः त्या रागाच्या मुळाशी भीती असते. ‘लोक काय म्हणतील’, ‘सोयरीक कशी जुळेल’ या विवंचनेने बाप हात उगारतो व आई गप्प राहते. ही भीती ओळखल्याशिवाय पालकांशी बोलणे व्यर्थ होय.

श्रीगौरी सावंत यांचे उदाहरण मननीय आहे. पुण्यात एका पोलीस अधिकाऱ्याच्या घरी त्या मुलगा म्हणून वाढल्या. आई लहानपणीच वारली. त्यांचे मन मुलीचे. वडिलांना ते मानवले नाही. किशोरवयातच त्यांनी घर सोडून मुंबई गाठली. पुढे तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या लढ्यात त्या अग्रभागी राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या ओळखीस मान्यता दिली. सावंत यांचे कर्तृत्व मोठे. पण ते घराच्या आधारावाचून घडले. घर सोडणारे प्रत्येक मूल असे तरून जाईलच, असे नाही.

याउलट उदाहरण अनंतशास्त्री डोंगरे यांचे. स्त्रियांनी संस्कृत शिकणे निषिद्ध मानले जात असता त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ते शिकविले आणि लोकांचा रोष पत्करला. त्या मातेने कन्येस शिकविले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याच कन्येस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या पंडिता रमाबाई होत. ही दोन उदाहरणे एकाच प्रकारची नव्हेत. परंतु लोकांच्या बोलण्यास मान द्यावी की मुलास, हा पालकांपुढील प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

कळमनुरी, सेनगावसारख्या तालुक्यांतील लहान गावांत पालक सल्ल्यासाठी प्रथम गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतात. तेव्हा मूल पुढे कोण होईल, याचे भाकीत शिक्षकाने करू नये. आवड निराळी असलेली अनेक मुले तृतीयपंथी नसतात. जी असतात, तीही मारहाणीने वा देवऋषाच्या उपायाने बदलत नाहीत. वर्गात चिडवण्याची नावे पडू देऊ नयेत. त्यात शिक्षकाचे स्वतःचे हसूही आलेच. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चावडीवर नेऊ नये. पालकांची भेट एकांतात घ्यावी आणि साध्या शब्दांत सांगावे : “लेकरू तुमचेच आहे. त्याला मारू नका, शाळा सोडवू नका.” तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून, न्यायालयाच्या आदेशाखेरीज, मुलास आईवडिलांपासून वेगळे करता येणार नाही, अशी तरतूद २०१९ च्या कायद्याने केली, हेही त्यांना सांगावे.

कायदा मुलाला घरात ठेवू शकेल. त्या घरात त्याला माया मिळावी, यासाठी शिक्षकाचा शब्द उपयोगी पडतो. हजेरीपटावरील एकही नाव लाजेपायी कमी होऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक शाळेने घ्यावी.