संधिवाताचे हात व घरातील नित्याची कामे

ज्या रुग्णावर शस्त्रक्रिया होत नाही व ज्यास दाखल करावे लागत नाही, त्याची नोंद वार्षिक अहवालात ‘बाह्यरुग्ण’ या एका रकान्यात संपते. हातांच्या संधिवाताचे बहुतेक रुग्ण याच रकान्यातील. गेल्या पावसाळ्यात कन्नड तालुक्यातील एका खेड्यातून आलेल्या भगिनी केसपेपर काढताना माझ्या टेबलाशी थांबल्या. डॉक्टरांना त्यांनी ‘हात दुखतात’ एवढेच सांगितले होते. मला म्हणाल्या, “साहेब, सकाळी भाकर थापता येत नाही. दुपारी हात चालतो, म्हणून घरात म्हणतात, सोंग करते.”

हे सोंग नव्हे, हे रोगाचेच लक्षण आहे. आमवातात, म्हणजे सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवातात, सकाळी उठताना बोटे आखडलेली असतात व दिवस चढेल तशी ती मोकळी होतात. वयोमानाने सांधे झिजतात त्या प्रकारात मात्र आखडलेपणा थोडाच वेळ राहतो. तेथे बोटांच्या टोकांकडील सांध्यांवर गाठी येतात, अंगठ्याचे मूळ दुखते आणि काम वाढले की वेदना वाढते. बोटांच्या मुळाशी सूज असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल व हे काही आठवडे चालले असेल, तर तपासणी लांबवू नये. औषध लवकर सुरू झाल्यास सांधे वाकडे होणे पुष्कळ अंशी टळते.

हा आजार केवळ शहरी सुखवस्तू घरांतला नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 पासून घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे 18 टक्क्यांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे आढळले. आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का होते. हातांना पुन्हा कामास लावण्याचे शास्त्र, म्हणजे व्यवसायोपचार, याचे शिक्षणही आपल्याच राज्यात, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांच्या प्रयत्नाने 1950 साली सुरू झाले.

त्या शास्त्राचे सूत्र असे की, बोटांचा भार तळव्यावर, तळव्याचा मनगटावर व मनगटाचा कोपरावर टाकावा. पिशवी बोटांत न अडकवता कोपराजवळ हातावर घ्यावी. बादली अर्धीच भरावी, दोन खेपा झाल्या तरी चालतील. भाताचे पातेले सांडशीने न उचलता दोन्ही हातांत जाड फडकी घेऊन तळव्यांनी उचलावे. ओले कपडे पिळणे हे सर्वांत वाईट काम. ते निथळत तारेवर टाकावेत, अथवा टॉवेल नळाभोवती गुंडाळून दोन्ही हातांनी ओढावा. बरणीखाली ओले फडके ठेवावे, झाकणावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा धरावा व तळव्याच्या जोराने फिरवावे. उघडताना उजवा हात व लावताना डावा हात वापरल्यास बोटे करंगळीच्या बाजूस ढकलली जात नाहीत. पळी, सुरी, दात घासण्याचा ब्रश यांच्या मुठीवर तीच ट्यूब गुंडाळून मूठ जाड करावी, म्हणजे पकड सैल ठेवता येते. कुलपाच्या किल्लीच्या भोकात लाकडी काडी अडकविल्यास चिमटीचा जोर लागत नाही. (हिशेब पाहणाऱ्या माणसास हे लिहिताना संकोच होतो, कारण या साहित्याची पावती करावी इतकाही खर्च येत नाही.)

भाकरीचा प्रश्न तेवढा सोपा नाही. पीठ गरम पाण्यात भिजवून तळव्याच्या टाचेने मळावे, गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून सपाट ताटलीने दाबावा. त्याआधी दहा मिनिटे हात कोमट पाण्यात ठेवावेत. सांधा लाल व गरम असेल त्या दिवशी मात्र हे काम दुसऱ्याने करावे. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत चिमटीचे काम दिवसभर चालते. अशा वेळी मध्ये मध्ये हात थांबविणे व घरी आल्यावर धुण्याला न बसणे, हे कुटुंबियांनीच पाहावयास हवे.

दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. बिब्बा लावणे व डाग देणे यांनी कातडी भाजते, सांधा बरा होत नाही. दुसरे, मेथोट्रेक्सेट हे आमवातावरील औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. त्याचा वार घरातील सर्वांना ठाऊक असावा, कॅलेंडरवर खूण करावी व रक्ततपासणी चुकवू नये.

त्या भगिनींसमवेत पुढील भेटीस सूनबाई आल्या. सकाळचे आखडलेपण डॉक्टरांनी त्यांनाच समजावून दिले. आता सकाळची भाकरी सूनबाई करतात, संध्याकाळची सासूबाई ताटलीने दाबून करतात. दाबलेल्या भाकरीला थापलेल्या भाकरीची चव येत नाही, ही त्यांची तक्रार मात्र दर महिन्याच्या भेटीत कायम असते.