बोकडाचं कातडं घरी कसं टिकवायचं?



जत्रेला, ईदला किंवा घरच्या कार्याला बोकड कापला की कातडं बहुतेक वेळा उकिरड्यावर जातं. तेच केसांसकट टिकवलं तर भिंतीवर शोभेला लावता येतं. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पहिले 3-4 तास महत्त्वाचे. एकदा कुजायला लागलेलं कातडं पुन्हा सुधारत नाही.

1. साफ करा. बोथट सुरीने चरबी आणि मांस खरवडून काढा. रक्त थंड पाण्याने धुवा, पाणी निथळू द्या.

2. मीठ लावा. कातड्याच्या वजनाच्या निम्मं जाडं मीठ घ्या. म्हणजे 2 किलो कातड्याला 1 किलो. मांसाच्या बाजूने चोळा, कडा आणि मान सोडू नका. सावलीत, उतारावर पसरा. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवीन लावा. असं 3-4 दिवस ठेवा. लोणच्यासारखंच आहे हे, मीठ पाणी ओढून घेतं म्हणून कुजत नाही. उन्हात मात्र टाकू नका; वरून कडक होतं, आतून सडतं.

3. तुरटीत भिजवा. आधी साध्या पाण्यात काही तास भिजवून मीठ काढा. आतला पातळ पापुद्रा ओढून काढा. प्लास्टिकच्या टबात 10 लिटर पाणी, 1 किलो तुरटीची पूड आणि अर्धा किलो मीठ विरघळवा. लोखंडी भांडं नको. कातडं त्यात 4-5 दिवस ठेवा, रोज दोनदा हलवा. मानेकडच्या कडेला छोटा काप देऊन बघा. आतपर्यंत पांढरं दिसलं की झालं.

4. वाळवा. हलकं धुवून फळीवर ताणून सावलीत ठेवा. अर्धवट ओलं असताना हातांनी ओढून-चोळून मऊ करा, नाहीतर पत्र्यासारखं ताठ होईल.

तुरटीचं कातडं पुन्हा भिजलं की तुरटी निघून जाते. म्हणून ते भिंतीवरच बरं, धुवायचं नाही. मिठाचं पाणी विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका.

सावधान!
- केस ओढल्यावर सहज सुटत असतील तर कातडं कुजलंय, मेहनत वाया घालवू नका.
- जनावर अचानक मेलं आणि नाका-तोंडातून काळपट रक्त आलं, तर काळपुळीचा आजार असू शकतो. तो माणसालाही होतो. सोलू नका, हात लावू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. मिठाने किंवा तुरटीने हा रोग मरत नाही.
- हरिण, घोरपड अशा रानातल्या प्राण्यांचं कातडं घरात ठेवणंही 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

बैठकीत बोलूया
महाराष्ट्रात बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावण्याचं कसब ढोर समाजाने पिढ्यान् पिढ्या जपलं. वस्तू सगळ्या गावाने वापरल्या, पण करणाऱ्यांना मात्र लांब ठेवलं. आपल्या गटात "हे आपलं काम नाही" असं कोणी म्हटलं, तर आपण काय उत्तर देऊ?