मिश्र कोंबडीची वंशपरीक्षा

परसदारी वावरणाऱ्या कोंबड्यांत आज एकाच जातीची म्हणता येईल अशी कोंबडी विरळा आढळते. गावठी कळपाच्या सुधारणेसाठी पूर्वी व्हाइट लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या जातींचे नर खेडोपाडी देण्यात आले. पुढे हैदराबाद येथे विकसित झालेली वनराजा आणि बंगळूरची गिरिराजा या वाणांची पिले पोहोचली. या सर्वांचे रक्त आता एकमेकांत मिसळले आहे. तरीही अमुक कोंबडी कोणत्या नर-मादीची, हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हे. कोणती तलंग अंड्यांसाठी राखावी, कोणती खुडूक होऊन पिले काढील, आणि चढ्या भावाची काळी कोंबडी खरोखर कडकनाथ आहे काय, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

कोंबडी आईच्या वळणावर गेली, असे सहज म्हटले जाते. काही बाबतींत मात्र वस्तुस्थिती नेमकी उलट असते. पक्ष्यांमध्ये नराला झेड गुणसूत्रांची जोडी असते. मादीला एकच झेड असते व ते केवळ पित्याकडून येते. प्लायमाउथ रॉक जातीच्या पिसांवरील काळे-पांढरे आडवे पट्टे याच गुणसूत्रावरून वाहिले जातात. म्हणून परसातील कोंबडीच्या अंगावर असे पट्टे असतील, तर ते तिच्या पित्याकडून आले हे निश्चित समजावे. तिची आई पट्टेरी होती की नव्हती, याचा येथे संबंध नाही. पट्टेरी कोंबडीला काळा नर दिल्यास पट्टे तिच्या नर पिलांत उतरतात, मादी पिलांत नाही.

इतर खुणा इतक्या ठाम नसतात. कानाच्या पाळीवरील पांढरा डाग व पांढरे अंडे लेगहॉर्नकडे बोट दाखवितात. तांबूस अंडे व लाल पाळी ऱ्होड आयलंड रेडकडे. दोहोंच्या संकरात अंड्याचा रंग मधला येतो. लेगहॉर्नचे रक्त असलेली कोंबडी सहसा कमी खुडूक होते. पांढऱ्या पिसांत तुरळक काळे ठिपके दिसल्यास माता-पित्यांपैकी एक लेगहॉर्न असण्याचा संभव मोठा. पिवळे पाय असतील, तर पिवळेपणाचा अंश आई व बाप दोघांकडूनही आला असला पाहिजे, कारण तो गुण अप्रभावी आहे. मान उघडी पण पुढील बाजूस पिसांचा झुबका असेल, तर तो गुण बहुधा एकाच बाजूने आलेला असतो.

सर्वांत अधिक फसगत कडकनाथच्या बाबतीत होते. मध्य प्रदेशातील झाबुआ परिसरात भिल्ल व भिलाला समाजांनी जोपासलेल्या या जातीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि मागणी वाढली. काळ्या कातडीचा गुण प्रभावी आहे. परंतु अनेक इतर जातींत त्याला दाबणारा दुसरा गुण असतो व तो झेड गुणसूत्रावर असतो. परिणामी कडकनाथ नर व गोऱ्या कातडीची मादी यांच्या पिलांपैकी माद्या पित्याप्रमाणे काळ्या निघतात, तर नर फिके. काळ्या कातडीच्या सिल्की जातीवरील प्रयोगांतून बेटसन व पनेट यांनी 1911 मध्ये हेच दाखविले. तेव्हा एकट्या काळ्या तलंगेकडे पाहून शुद्धतेची खात्री होत नाही. तिच्या बरोबर उबलेले नर पाहावेत. ते फिके असतील, तर ती कोंबडी अर्धीच कडकनाथ. (कडकनाथचे अंडे काळे असते, हा प्रचार मात्र साफ खोटा आहे, ते फिकट तांबूस असते.)

वंशाची नोंद ठेवू इच्छिणाऱ्याने आणखी एक दक्षता घ्यावी. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. त्यामुळे कळपातील नर बदलल्यानंतर पहिले तीन आठवडे मिळालेली अंडी उबविण्यास न ठेवता खाण्यास किंवा विक्रीस काढावीत. त्यानंतरच्या अंड्यांवर नव्या नराची खूण करून तारीख लिहावी.