साठवण-जाळ्यातील स्विचची मांडणी : कोणी कोणास पाहावे?

एके काळी तलाठ्याच्या दप्तरात, लाल रुमालात बांधून ठेवलेला सातबाऱ्याचा उतारा आता संगणकाच्या पडद्यावर मिळतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. रुमाल गेला, परंतु नोंद जशीच्या तशी राहावी, ही शेतकऱ्याची अपेक्षा कायम आहे. बँकेची खाती, रुग्णालयाचे कागद, परीक्षांचे गुण यांचीही गोष्ट तीच होय.

अशा अगणित नोंदी एकेका संगणकाच्या पोटातील तबकडीवर ठेवणे सोयीचे नसते. म्हणून मोठ्या संगणक केंद्रांत तबकड्यांचे सामायिक कोठार उभारतात आणि अनेक सर्व्हर त्या कोठारास स्वतंत्र जाळ्याने जोडतात. यालाच स्टोरेज एरिया नेटवर्क अथवा साठवण-जाळे म्हणतात. या जाळ्यासाठी बहुधा फायबर चॅनेल ही पद्धती वापरली जाते. तिचे पहिले अमेरिकी मानक १९९४ साली संमत झाले. सर्व्हर आणि कोठार यांच्यामध्ये जे यंत्र बसते ते स्विच होय. त्याची मांडणी करणे हे तारा जोडण्याचे काम आहे असा समज आढळतो. तो खरा नव्हे. कोणत्या सर्व्हरने कोणते कोठार पाहावे, हा निर्णय तेथे होत असतो.

या निर्णयास झोनिंग म्हणतात. वाड्याला अनेक बिऱ्हाडे असावीत, जिना एकच असावा, परंतु प्रत्येकाने आपल्याच खोलीचे दार उघडावे, तशी ही व्यवस्था आहे. सर्व्हरच्या कार्डास कारखान्यातच सोळा षोडशमान अंकांचे एक जागतिक नाव मिळालेले असते. स्विचला जोडले जाताच कार्ड आपली नोंद करते आणि जाळ्यात आणखी कोण आहे याची चौकशी करते. त्याच्या झोनमध्ये जे असतील तेवढ्यांचीच नावे स्विच त्यास सांगतो.

झोन आखलेच नाहीत तर काय होते? काही बनावटींच्या स्विचवर कोणालाच काही दिसत नाही. हा त्रासाचा, पण निर्धोक प्रकार झाला. काहींवर मात्र सर्वांना सर्व दिसते. विंडोज एनटी ही प्रणाली दिसेल त्या तबकडीवर आपली खूण लिहू पाहत असे, आणि ती तबकडी दुसऱ्या सर्व्हरची असली तर तिच्यावरील मजकुराची वाट लागे. अशा वेळी धोक्याची घंटा वाजत नाही. सकाळी नोंद उघडावी तर ती जागेवर नसते. याकरिता कोठाराच्या बाजूलाही दुसरे कुलूप असते : कोणता भाग कोणत्या कार्डास दाखवावयाचा, हे तेथेही ठरवितात. दोन्ही कुलपे लावावीत. एक आहे म्हणून दुसरे उघडे ठेवणे हा आळस होय.

झोन आखताना एका झोनमध्ये एकच सर्व्हर-कार्ड आणि त्यास लागणारी कोठाराची दारे ठेवावीत. झोनांची संख्या वाढते व लिहिण्याचे काम कंटाळवाणे होते, हे खरे. तथापि एका सर्व्हरमध्ये बिघाड झाला तर त्याचा उपद्रव शेजाऱ्यास होत नाही, आणि वर्षभराने दुसऱ्या माणसास ती मांडणी वाचता येते.

जाळी दोन असावीत आणि ती एकमेकांस जोडलेली नसावीत. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्डे, एकेक दोन्हीकडे. हेतू असा की, एका जाळ्यात चूक झाली तरी दुसऱ्यातून काम चालू राहावे. सबब बदल प्रथम एका जाळ्यात करावा, सर्व सर्व्हरना दोन्ही वाटा दिसतात याची खात्री करावी, मगच दुसऱ्यास हात लावावा. एकाच रात्री दोन्हीकडे बदल करून मोकळे होण्याची घाई हा सर्वांत महागडा उतावीळपणा ठरतो.

नवा स्विच जोडताना त्यास १ ते २३९ पैकी स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो. प्रत्येक पत्त्याचा पहिला भाग तोच असतो. क्रमांक आधीच वापरात असला तर जाळी एकरूप होत नाहीत. दुसरीकडून काढून आणलेला स्विच तर विशेष जपून जोडावा. त्याच्या स्मरणात जुने झोन असतात. ते न जुळल्यास जोडणी तुटते, जुळल्यास चालू जाळ्यात मिसळतात. ते आधी पुसून टाकावेत.

दूरच्या गावी दुसरे कोठार ठेवावयाचे असल्यास आणखी एक हिशेब येतो. साखर कारखाना तोडणीची चिठ्ठी देतो तेव्हाच ऊस तोडला जातो, नाहीतर गव्हाणीपाशी गाड्या तुंबतात. फायबर चॅनेलमध्येही पलीकडच्या दाराने जागा असल्याची चिठ्ठी दिल्याशिवाय माहितीचा गठ्ठा निघत नाही. काचतंतूतून प्रकाशास एक किलोमीटर जाण्यास सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. साहजिकच अंतर वाढले की चिठ्ठी परत येण्यास वेळ लागतो. ८ गिगाबिट वेगाच्या ५० किलोमीटर जोडणीस पूर्ण आकाराच्या गठ्ठ्यांसाठी सुमारे २०० चिठ्ठ्या हाताशी हव्यात. त्या कमी असल्या तर तार धडधाकट असूनही काम रेंगाळते आणि दोष विनाकारण कोठारावर येतो.

केलेली मांडणी जतन करणे हे वेगळे काम आहे. सिस्कोच्या एमडीएस स्विचवर दारांची रचना बदलून ती प्रारंभिक मांडणीत उतरविली नाही, तर यंत्र पुन्हा सुरू होताच बदल नाहीसा होतो. मांडणीची प्रत स्विचबाहेर ठेवावी; कोणते कार्ड कोणत्या दारास जोडले आहे, याची वही असावी. सर्व्हरचे कार्ड बदलले की बहुधा जागतिक नावही बदलते. अशा वेळी नवे नाव झोनमध्ये व कोठाराच्या यादीत घालावे, आणि जुने त्याच दिवशी काढून टाकावे.