ऋण फेडून सण

आपल्यात एक म्हण आहे : ऋण काढून सण. सण जवळ आला की माणसाचा हात सैल सुटतो. दिवाळी असो, ईद असो की नाताळ असो. पोरांना नवे कपडे हवेत. पाहुण्यांपुढे ताट भरलेले हवे. चारचौघांत मान खाली जाऊ नये, असे प्रत्येकाला वाटते. जवळ पैसे नसले की माणूस कर्ज काढतो. सण एका दिवसात होऊन जातो. कर्ज मात्र वर्षभर घरात मुक्काम करते.

या धड्यात एका घराचा हिशेब आहे. या घराने म्हण उलटी केली. आधी ऋण फेडले आणि मग सण केला. ते कसे, हे आपण आकडे मांडून पाहू.

१. वहीतला पहिला हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्याला पूर्वी अहमदनगर म्हणत. तिथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. आज त्या जिल्ह्यात खेडोपाडी मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांचा मोठा सण म्हणजे नाताळ. २५ डिसेंबरला तो येतो. घरोघर करंज्या, लाडू, चकल्या होतात. दारात कागदाची चांदणी लागते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणा. घरात नवरा-बायको, सासू आणि दोन मुले. दोघेही मजुरीला जातात. चार शेळ्या आहेत. अंगणात कोंबड्या आहेत. बाई रात्रीच्या वर्गात जाऊन लिहा-वाचायला शिकली.

मागच्या नाताळात या घराने गावातल्या एका माणसाकडून १०,००० रुपये घेतले. व्याज महिना शेकडा तीन. म्हणजे शंभर रुपयांवर दर महिन्याला ३ रुपये. दहा हजारांवर दर महिन्याला ३०० रुपये. नवरा दर महिन्याला ३०० रुपये नेऊन देत होता. कर्ज फिटत चालले आहे, असे त्याला वाटत होते.

ऑगस्ट संपला. बाई मुलाची जुनी वही घेऊन दिव्याखाली बसली.

"अहो, जानेवारीपासून आपण किती पैसे दिले?"

"दर महिन्याला तीनशे. आठ महिने झाले."

बाईने लिहिले : ३०० × ८ = २,४००.

"मग आता किती राहिले?"

नवरा गप्प बसला. मग म्हणाला, "दहा हजार."

"दोन हजार चारशे दिले आणि दहाचे दहा हजार राहिले?"

"अगं, ते व्याज होतं. मुद्दल तसंच आहे."

सासू कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे भांड्याला भोक आहे आणि आपण पाणी भरतोय."

म्हातारीचे बोलणे खरे होते. महिना शेकडा तीन हे ऐकायला थोडे वाटते. पण वर्षाला ते शेकडा छत्तीस होते. नुसते व्याज भरत राहिले, तर वर्षाला ३,६०० रुपये जातात आणि मुद्दलातला एक रुपयाही कमी होत नाही. कर्ज फेडायचे म्हणजे मुद्दल फेडायचे. व्याज दिल्याने कर्ज जागच्या जागी उभे राहते, एवढेच.

२. पैसा येतो कुठून, जातो कुठे

दुसऱ्या दिवशी बाईने वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च.

महिन्याची जमा अशी :
नवऱ्याची मजुरी, १८ दिवस, रोज ४०० : ७,२०० रुपये
बाईची मजुरी, १६ दिवस, रोज २५० : ४,००० रुपये
शेळीचे दूध आणि अंडी : ८०० रुपये
एकूण जमा : १२,००० रुपये

महिन्याचा खर्च असा :
किराणा आणि तेल : ४,८०० रुपये
भाजी, मटण : १,४०० रुपये
गॅस आणि वीज : १,००० रुपये
मुलांची शाळा, एसटीचे भाडे : ९०० रुपये
औषधपाणी : ५०० रुपये
दोन मोबाईल : ५०० रुपये
तंबाखू, विडी, हॉटेलचा चहा : १,३०० रुपये
बचत गट : २०० रुपये
कर्जाचे व्याज : ३०० रुपये
इतर, पाहुणारावळा : १,१०० रुपये
एकूण खर्च : १२,००० रुपये

जमा बारा हजार, खर्च बारा हजार. शिल्लक काही नाही. मग मुद्दल कशातून फिटणार? आणि पुढचा नाताळ कशातून होणार? पुन्हा त्याच दारात जाऊन हात पसरायचा?

३. कात्री कुठे लावली

काही खर्च कमी करता येत नाहीत. मुलांच्या शाळेला, औषधाला हात लावू नये. बचत गटाचे पैसेही थांबवू नयेत. अडचणीच्या वेळी तोच आधार असतो. बाकीच्या खर्चावर घरातल्या सगळ्यांनी बसून विचार केला.

किराणा रोज दुकानातून पुड्या बांधून येत होता. सुट्ट्या मालाला दाम जास्त पडतो. महिन्याचा माल एकदम तालुक्याच्या बाजारातून आणायचे ठरले. रेशनचे धान्य दर महिन्याला न चुकता उचलायचे ठरले. वाचले ४०० रुपये.

सासूने न्हाणीच्या सांडपाण्यावर मेथी, वांगी आणि घेवडा लावला. मटण दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदा आणायचे ठरले. वाचले ३०० रुपये.

मोबाईलमध्ये वाचले २०० रुपये. पाहुण्यारावळ्यात आणि किरकोळ खर्चात वाचले ५०० रुपये.

मग तंबाखूची पाळी आली. नवरा चिडला. "दिवसभर राबतो मी. तेवढंच एक सुख आहे मला. तेही तुझ्या वहीत घातलंस?"

बाई भांडली नाही. तिने वही पुढे सरकवली. तंबाखू, विडी आणि हॉटेलचा चहा : १,३०० रुपये. कर्जाचे व्याज : ३०० रुपये. ती म्हणाली, "एका महिन्याच्या या सुखात चार महिन्यांचं व्याज बसतं. मी नाही म्हणत नाही. तुम्हीच ठरवा."

तो उठून बाहेर गेला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः वही मागितली. १,३०० वर काट मारली आणि शेजारी ५०० लिहिले. वाचले ८०० रुपये.

सगळे मिळून वाचले : ४०० + ३०० + २०० + ५०० + ८०० = २,२०० रुपये. शिवाय व्याजाचे ३०० रुपये खर्चात धरलेले होतेच. म्हणजे कर्जासाठी दर महिन्याला २,५०० रुपये हातात आले.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये कापसाची वेचणी असते. त्या दोन महिन्यांत वेचणीचे दरमहा २,५०० रुपये जास्त येणार होते. एरवी हे पैसे कुठे जात ते कळत नसे. या वेळी ते यायच्या आधीच वहीत लिहून ठेवले : हे कर्जाचे.

४. मुद्दल उतरू लागले

सप्टेंबरच्या अखेरीस नवरा २,३०० रुपये घेऊन गेला. ३०० व्याजाचे आणि २,००० मुद्दलाचे. पैसे देणारा माणूस हसून म्हणाला, "मुद्दलाची घाई कशाला करता? व्याज देत चला, बस्स."

घाई नको असे तो का म्हणाला असेल, याचा तुम्हीच विचार करा.

बाई बरोबर गेली होती. ती म्हणाली, "भाऊ, दोन हजार मुद्दलात जमा केल्याचं लिहून द्या." त्याने कुरकुर केली, पण कागदावर लिहून सही दिली. तिने तो कागद तिथेच उभ्याउभ्या वाचला. मग घडी घालून पिशवीत ठेवला.

पुढचा हिशेब असा झाला :

सप्टेंबर : व्याज ३००, मुद्दल २,०००. बाकी ८,०००. डब्यात २००.
ऑक्टोबर : व्याज २४०, मुद्दल ४,०००. बाकी ४,०००. डब्यात ७६०.
नोव्हेंबर : व्याज १२०, मुद्दल ४,०००. बाकी शून्य. डब्यात ८८०.

मुद्दल उतरले तसे व्याजही उतरले, हे लक्षात घ्या. आधी ३००, मग २४०, मग १२०. उरलेले पैसे बाईने एका पत्र्याच्या डब्यात टाकले. डब्यावर तिने स्वतःच्या हाताने लिहिले : नाताळ.

हे काही सरळ रेषेत झाले नाही. नोव्हेंबरमध्ये मुलीला ताप भरला. औषधाला ७०० रुपये लागले. वहीत ५०० धरले होते. नवरा म्हणाला, "या महिन्याचा हप्ता राहू दे." सासू म्हणाली, "राहू दे म्हटलं की ते राहतंच, बाबा." वरचे २०० रुपये डब्यातून काढले. हप्ता चुकवला नाही.

नोव्हेंबरअखेर कर्ज फिटले. तेव्हा तोच माणूस म्हणाला, "नाताळ तोंडावर आलाय. पाच हजार घेऊन जा. तुमचा व्यवहार चोख आहे."

नवऱ्याचे पाय क्षणभर अडखळले. मेहुण्याचे कुटुंब सणाला येणार होते. पण तो म्हणाला, "नको. आमचा जुना कागद तेवढा परत द्या." कागद परत आला. घरी येऊन त्याने तो आईच्या हातात दिला. म्हातारीला वाचता येत नव्हते. तरी तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि चुलीत घातला. मुद्दल जमा केल्याचे, सही केलेले कागद मात्र बाईने जपून ठेवले.

५. नाताळचा खर्च

डब्यात १,६४० रुपये होते. डिसेंबरच्या २० तारखेपर्यंत आणखी १,६०० जमले. एकूण ३,२४०. तेवढ्यातच सण बसवायचा होता.

मुलांचे कपडे : १,५०० रुपये
फराळाचे सामान : १,००० रुपये
मटण : ५०० रुपये
चांदणीचा कागद, कामट्या, दिवा : १०० रुपये
चर्चमध्ये दान : १०० रुपये
एकूण : ३,२०० रुपये

मोठ्यांनी धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घातले. चांदणी बापलेकांनी घरीच केली. ती जराशी वाकडी झाली, पण लांबून दिसत होती. मेहुण्याच्या मंडळींपुढे करंज्या-लाडवांचे ताट आले. उपासनेला सगळे पुढच्या बाकावर बसले. डब्यात ४० रुपये उरले.

आता मागचा नाताळ आठवा. त्याला १०,००० रुपये लागले, असे हे घर समजत होते. खरे किती लागले? व्याजाचे गेले २,४०० + ३०० + २४० + १२० = ३,०६० रुपये. म्हणजे तो सण १३,०६० रुपयांना पडला. व्याजात जेवढे गेले, जवळजवळ तेवढ्यात या वर्षीचा आख्खा नाताळ झाला.

६. कायदा काय सांगतो

सावकारी करायची तर सरकारचा परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यावे, याची मर्यादा सरकार ठरवते. मिळालेल्या पैशांची पावती त्याने दिली पाहिजे. कोणी बिनपरवाना सावकारी करून छळत असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कचेरीत लेखी तक्रार देता येते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका.

लक्षात ठेवा

१. कर्ज घेण्याआधी विचारा : व्याज महिन्याचे की वर्षाचे? महिन्याच्या दराला १२ ने गुणा, म्हणजे वर्षाचा दर कळेल.
२. कर्जे दोन-तीन असतील, तर सगळ्यांचे ठरलेले हप्ते द्या. वर जे उरेल ते सर्वांत महाग व्याजाच्या कर्जात भरा.
३. दर वेळी लिहून घ्या : व्याज किती, मुद्दल किती, बाकी किती.
४. सणाचे पैसे चार महिने आधीपासून वेगळ्या डब्यात टाका.
५. हिशेब घरातल्या सगळ्यांसमोर करा. एकट्याने केलेली काटकसर टिकत नाही.

स्वाध्याय

१. ५,००० रुपये महिना शेकडा दोन व्याजाने घेतले. एका वर्षात व्याज किती होईल?
२. व्याज भरूनही या घराचे कर्ज आठ महिने कमी का झाले नाही?
३. वहीच्या एका पानावर मधोमध रेघ ओढा. तुमच्या घरची या महिन्याची जमा आणि खर्च लिहा. कोणत्या खर्चावर काट मारता येईल?
४. तुमच्या घरचा पुढचा मोठा सण कोणता? त्याला किती महिने आहेत? दर महिन्याला डब्यात किती टाकाल, तो आकडा आजच लिहा.