हजरत याकूब (अलै.) यांचे अश्रू आणि आपली मुले



जुम्याच्या नमाजनंतर एखादे वडील इमामाजवळ थांबतात आणि हळूच म्हणतात, “मुलगा एमबीबीएसला आहे. सुट्टीत आला, पण बोलत नाही, झोपत नाही. काही पढून फुंकून द्या.” दुआ अवश्य करावी. परंतु दुआवरच थांबावे काय?

सन २०२२ मध्ये धाराशिवात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि उमरगा, कळंब, परंड्याच्या घरांतील आशा बळावली. त्या आशेचे ओझे मात्र कोवळ्या खांद्यांवर पडते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये देशभरातील पंचवीस हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपणास मानसिक आजार असल्याचे नोंदविले. म्हणजे दर चौघांत एकाहून अधिक. अभ्यासाचा डोंगर, अपुरी झोप, नापास होण्याची भीती आणि वरिष्ठांचा जाच मनाला पोखरत राहतो.

अशा मुलाला आपण सहज म्हणतो, “तुझे ईमान कमजोर आहे.” येथे कुरआनातील सूरह यूसुफ आठवावी. पुत्रवियोगाने हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे पांढरे झाले. घरच्यांनी त्यांना बोल लावले; अल्लाहने मात्र त्यांच्या दुःखाला ईमानाची उणीव म्हटले नाही. त्यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले आणि त्याच वेळी मुलांना सांगितले की जा, यूसुफचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. आशा आणि प्रयत्न एकाच आयतीत आहेत. प्रयत्नावाचून तवक्कुल अपुरा राहतो.

आदरणीय पैगंबर (स.) यांनी चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागितला, तसेच आजारावर उपचार करण्याचाही आदेश दिला. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू जैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले. मनाच्या डॉक्टरकडे जाणे ही आपल्यासाठी परकी गोष्ट नाही.

म्हणून मुलाची झोप, भूक, बोलणे दोन आठवडे बिघडलेले दिसले, तर त्याला जवळ बसवा आणि मध्ये न बोलता ऐका. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. छळ होत असेल, तर “सहन कर” म्हणू नका. सब्र म्हणजे जुलूम मुकाट्याने सोसणे नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे. जीव नकोसा झाल्याचे तो बोलला, तर रागावू नका, त्याला एकटे सोडू नका आणि त्वरित डॉक्टर गाठा.

आणि आज रात्रीच त्याला एक वाक्य ऐकवा: “तू डॉक्टर झालास तरी आमचा, न झालास तरी आमचाच.”

अल्लाह आपल्या मुलांची मने शांत ठेवो. आमीन.