विजेची मोटार आणि तेलाचा हिशेब

पृथ्वीच्या पोटातील तेल आता संपत आले असून म्हणूनच विजेवर चालणारी मोटार बाजारात आली आहे, अशी समजूत सुशिक्षित समाजातही पुष्कळ ठिकाणी आढळते. तिच्या जोडीला दुसरीही एक समजूत असते. विजेची मोटार ही सधनांची हौस आहे, सामान्य माणसाला ती परवडणे शक्य नाही. या दोन्ही समजुतींत थोडे तथ्य आहे आणि पुष्कळशी चूक आहे. ती वेगळी करून पाहण्यास मध्य प्रदेशातील जबलपूर हे शहर फार सोयीचे आहे. राज्याच्या वीज-कंपन्यांचा कारभार तेथील रामपूर भागातल्या शक्तिभवनातून चालतो. १९६९ साली स्थापन झालेल्या तेथील वाहन-कारखान्यात लष्करासाठी ‘शक्तिमान’ ट्रक आणि ‘जोंगा’ गाड्या तयार होत असत. पश्चिम-मध्य रेल्वेचे मुख्यालयही जबलपुरातच आहे, आणि संपूर्ण विद्युतीकरण पूर्ण करण्याचा देशातील पहिला मान मार्च २०२१ मध्ये याच रेल्वेने मिळविला. म्हणजे जबलपूरहून इटारसीकडे किंवा कटनीकडे जाणारा प्रवासी डिझेल सोडून विजेवर केव्हाच आलेला आहे. त्याबद्दल त्याने कधी वाद घातला नाही, कारण इंजिनाची किंमत त्याच्या खिशातून गेलेली नव्हती. मोटारीची किंमत मात्र ज्याची त्यालाच मोजावी लागते. वादाला तोंड फुटते ते तेथे.

प्रथम तेलाकडे वळू. १९५६ साली एम. किंग हबर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने असे भाकीत केले की, अमेरिकेतील तेलाचे उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखरास पोहोचेल आणि तेथून ते उतरू लागेल. तसेच घडले. १९७० मध्ये ते शिखर आले आणि उत्पादन घटू लागले. पुढे १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला, तेव्हा हबर्टच्या भाकितास मोठीच प्रतिष्ठा लाभली. परंतु कथा तेथे संपली नाही. घट्ट शेलखडकांना दाबयुक्त पाण्याने भेगा पाडून त्यांतील तेल काढण्याची रीत विकसित झाली आणि २०१८ मध्ये अमेरिकेचे उत्पादन १९७० च्या शिखरापलीकडे गेले.

यावरून तेलाच्या ‘साठ्या’चा खरा अर्थ ध्यानात येतो. तेलाचा साठा म्हणजे घरातील रांजणात राहिलेले पाणी नव्हे. आज ज्ञात असलेल्या साधनांनी आणि आजच्या भावात जेवढे तेल काढणे परवडते, तेवढ्यालाच साठा म्हणतात. भाव चढला की काल निरुपयोगी ठरलेले तेलही साठ्यात जमा होते. त्यामुळेच १९८० च्या सुमारास जगाचा साठा तीसएक वर्षे पुरेल असे गणित निघत होते, आणि त्यानंतर चाळीस वर्षे तेल जाळूनही २०२० च्या सुमारास तेच गणित पन्नास वर्षांचे निघाले. तेल संपेल तेव्हा संपेल. पण त्या दिवसाची वाट पाहत बसणारा ग्राहक भलत्याच प्रश्नाची चिंता वाहत असतो.

भारतापुढील प्रश्न निराळा आहे. १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात ‘मुंबई हाय’ क्षेत्र सापडले, तेव्हा देशाला काही काळ दिलासा मिळाला. २०२३-२४ या वर्षी मात्र देशात निघालेले कच्चे तेल जेमतेम २९ दशलक्ष टन होते, आणि तेलजन्य पदार्थांचा एकूण खप सुमारे २३४ दशलक्ष टन. लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या शंभर भागांपैकी ८५ हून अधिक भाग परदेशांतून येतात. तात्पर्य, जबलपूरच्या पंपावर भरलेले पेट्रोल बहुधा समुद्र ओलांडून आलेले असते आणि त्याचा भाव दूरच्या देशांतील घडामोडींवर ठरतो. विहीर आटण्यापेक्षा विहीर दुसऱ्याच्या वाड्यात असणे ही आपली अडचण आहे.

आता मोटारीचा हिशेब मांडू. एक लिटर पेट्रोलात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. (वीजबिलातील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास.) लिटरला १६ किलोमीटर जाणारी लहान मोटार एका किलोमीटरला अर्ध्या युनिटाहून अधिक ऊर्जा खर्च करते. तेवढ्याच आकाराच्या विजेच्या मोटारीस, बॅटरी भरताना होणारी गळती धरूनही, सुमारे ०.१५ युनिट पुरते. एवढा फरक पडतो याचे कारण पेट्रोल-इंजिन हे उष्णतेचे यंत्र आहे. त्यात जळालेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग रेडिएटर आणि धुराडे यांवाटे वाया जातो. चौकात थांबलेली गाडीही पेट्रोल पीतच असते. जुन्या जोंगाचे पेट्रोलचे इंजिन पाहिलेल्यांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको. विद्युत्-मोटर थांबली की खर्च थांबतो, आणि ब्रेक लावताना तीच मोटर उलट जनित्राचे काम करून थोडी वीज बॅटरीत परत घालते.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, वीज तरी कोठून येते? शंका अगदी रास्त आहे. मध्य प्रदेशातील विजेचा मोठा भाग आजही कोळशाचाच आहे. उमरिया जिल्ह्यातील बिरसिंहपूरचे संजय गांधी औष्णिक केंद्र हे त्याचे जवळचे उदाहरण होय. औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम एक-तृतीयांश भागाची वीज होते. त्यातून तारांतील गळती वजा जाते. तेव्हा कोळशापासून चाकापर्यंतचा संपूर्ण हिशेब केला, तर विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीहून ऊर्जेच्या बाबतीत फारशी काटकसरी ठरत नाही, आणि कार्बन वायूतील बचतही आज माफकच ठरते. विजेच्या मोटारीचे कैवारी ही गोष्ट सहसा सांगत नाहीत. पण तेलाची बचत माफक नसून जवळजवळ पूर्ण आहे, ही गोष्ट तिचे विरोधकही सांगत नाहीत. कोळसा सिंगरौलीचा असतो, तेल परदेशचे. शिवाय तारेतून येणारी वीज कालांतराने बदलू शकते. जबलपूरजवळ नर्मदेवर बरगी धरणाचे ९० मेगावॅटचे जलविद्युत्-केंद्र आहे, आणि २०२० मध्ये रीवा येथे ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प राष्ट्रास अर्पण झाला. अशा विजेचा वाटा जसजसा वाढेल, तसतशी तीच जुनी विजेची मोटार आपोआप अधिक स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या मोटारीच्या बाबतीत असे कधी घडत नाही.

लोकांचा कौल मात्र धुरावर ठरत नसून पैशांवर ठरतो. बंगळूरची ‘रेवा’ ही छोटी विजेची गाडी २००१ साली बाजारात आली, तेव्हा तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि एका भरणीत ती सुमारे ८० किलोमीटर जात असे. लोकांनी तिचे कौतुक केले, पण विकत फारशी घेतली नाही. त्यानंतर लिथियमच्या बॅटऱ्या झपाट्याने स्वस्त झाल्या. २०१० च्या सुमारास एका युनिटाच्या साठवणीस हजार डॉलरांहून अधिक पडत असत. २०२४ मध्ये ती किंमत सुमारे ११५ डॉलरांवर आली. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘टाटा टियागो’ची विजेची गाडी साडेआठ लाखांच्या आत जाहीर झाली, आणि ‘स्वस्त’ हा शब्द प्रथमच थोडा सार्थ वाटू लागला. तरीही तशाच पेट्रोलच्या गाडीहून ती महागच होती. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल-मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवरील कर आधीच ५ टक्के असल्याने त्यांना त्याचा लाभ झाला नाही. दोहोंतील अंतर उलट वाढले.

समजा, विजेची गाडी अडीच लाखांनी महाग आहे. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि घरची वीज युनिटाला ८ रुपये धरली, तर किलोमीटरमागे पेट्रोलला साडेसहा रुपये आणि विजेला सव्वा रुपया लागतो. बचत सव्वापाच रुपयांची. म्हणजे जास्त दिलेले पैसे वसूल होण्यास सुमारे ४८,००० किलोमीटर धाव हवी. जबलपुरातील एखादे कुटुंब रोज २० किलोमीटर गाडी वापरीत असेल, तर त्यास साडेसहा वर्षे लागतील. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते, तेव्हा हा सौदा अगदीच तोट्याचा नाही. पण ज्याने थांबावयाचे ठरविले त्याला अडाणी म्हणता येत नाही. त्याच्या मनात आणखी एक अंतर असते, ते नागपूरचे. जबलपुरातील मराठी घरांचे सोयरेसंबंध नागपुराशी असणे ही नेहमीची गोष्ट. हा रस्ता सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांचा आहे आणि २४ युनिटांची बॅटरी प्रत्यक्षात १८० किलोमीटरांच्या आसपास नेते. वाटेत सिवनीस तासभर तरी थांबून गाडी भरून घेणे भाग पडते. वर्षातून चार वेळा होणाऱ्या प्रवासाची ही धास्ती उरलेल्या सर्व दिवसांच्या बचतीवर मात करते.

हेच गणित रोज १२० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीसाठी केले, तर वसुली दीड वर्षाच्या आतच होते. मग टॅक्सीवाल्यांनी विजेच्या मोटारीवर झडप का घातली नाही? याचे उत्तर नागपूरनेच दिले. २६ मे २०१७ रोजी तेथे ओला कंपनीने मोटारी, रिक्षा आदी सुमारे दोनशे विजेच्या वाहनांचा ताफा सुरू केला. त्यात महिंद्रच्या लहान मोटारीही होत्या. मोठ्या समारंभाने सुरू झालेल्या या प्रयोगाविषयी २०१८ च्या आरंभी निराळेच वृत्त प्रसिद्ध झाले. गाडी भरण्यासाठी रांगेत तासन्‌तास जात होते, खर्च अपेक्षेहून अधिक येत होता, आणि अनेक चालक गाड्या परत करून पुन्हा पेट्रोल-डिझेलकडे जाऊ पाहत होते. दोष मोटारीत नव्हता. ज्या व्यवसायात थांबलेली चाके म्हणजे बुडालेली मजुरी, त्यात भरणीची जागा अपुरी पडली. त्यातच सार्वजनिक केंद्रावरील विजेचा दर घरच्या दराच्या दुप्पट-अडीचपट असला, तर बचतीचा मोठा भाग तेथेच गळून जातो.

या पार्श्वभूमीवर ई-रिक्षाचे यश पाहण्यासारखे आहे. जबलपूरच्या स्टेशनाबाहेर, गोलबाजारात, गोरखपुरात, रांझीकडे जी तीनचाकी वाहने निःशब्द फिरतात, त्यांच्यासाठी कोणी समारंभ केला नाही. २०१४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तेथे त्यांवर बंदीच घातली होती, आणि त्यानंतर नियम करून त्यांना कायद्यात जागा द्यावी लागली. साधी मोटर, बहुधा शिशाच्याच बॅटऱ्या, ताशी २५ किलोमीटरांची मर्यादा. अभियांत्रिकीच्या दृष्टीने यात अभिमान बाळगण्यासारखे फारसे नाही. परंतु चालक रात्री घरी वीज भरतो, दिवसा ठरावीक मर्यादेत फिरतो आणि रोज पुष्कळ किलोमीटर काढतो. भरपूर धाव, स्वस्त वीज आणि रात्रीची सवड या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या. २०२४ मध्ये भारतात विकल्या गेलेल्या तीनचाकी वाहनांत निम्म्याहून अधिक विजेची होती. मोटारींत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास होते. चौकात त्यांची गर्दी होते ही नागरिकांची तक्रार खरी आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांतील शिसे उघड्यावर वितळविले जाते तेथे त्याचे विष मुलांच्या रक्तात उतरते, ही त्याहून गंभीर गोष्ट आहे.

आणि तेलाच्या आयातीवर या सर्वांचा परिणाम किती? २०२३-२४ मध्ये देशात पेट्रोल खपले सुमारे ३७ दशलक्ष टन, तर डिझेल सुमारे ९० दशलक्ष टन. घरोघरच्या मोटारी आणि दुचाकी मुख्यतः पहिल्या आकड्यात येतात. दुसऱ्या आकड्यात प्रामुख्याने येतात ते मालवाहू ट्रक, बसगाड्या आणि शेतातील ट्रॅक्टर. चाळीस टनांचा ट्रक दिवसभर ओढू शकेल अशी बॅटरी करता येते, पण ती स्वतःच काही टन भरते आणि तेवढा माल कमी न्यावा लागतो. सिवनीच्या घाटातून रात्रंदिवस नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेस हा हिशेब अजून जुळलेला नाही. तोच माल जबलपूरच्या यार्डातून विजेच्या इंजिनामागे गेला, तर त्यास बॅटरी मुळीच लागत नाही; वीज वरच्या तारेतूनच मिळते.